पडवीतले पाण्याचे कॅन: ताकदीचा व्यायाम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आठ आठवडे

गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या वाडीत जी शांतता उतरते ती सुखाची नसते. आठ-दहा दिवस माणसांनी गजबजलेलं घर एका सकाळी रिकामं होतं, चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात आणि मागे उरतात साठीच्या पुढची दोन माणसं आणि ओल धरलेल्या भिंती. त्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या बायका हमखास म्हणतात, "कायच करूक मन होणा नाय." आपण उदास आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. रक्त कमी झालंय, पित्त झालंय, वय झालंय असं त्या समजतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा खलाशांचंही हेच होतं. हात रिकामे, दिवस लांबलचक, आणि संध्याकाळ बाटलीकडे झुकलेली.

मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्याजवळच्या गावात आठ वर्षं माझ्या पडवीत लोकांना वजनं उचलायला शिकवते आहे. लोक येतात गुडघ्यासाठी, शुगरसाठी, पोटासाठी. महिन्याभराने मात्र बोलतात ते झोपेबद्दल आणि चिडचिड कमी झाल्याबद्दल. हा लेख त्यासाठीच आहे.

२०१८ साली 'जामा सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ३३ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. त्यांत मिळून १,८७७ माणसं होती. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये उदासीची लक्षणं मध्यम प्रमाणात कमी झालेली दिसली. सगळ्याच प्रयोगांत सारखा फरक पडतो असं नाही, पण एकूण कल स्पष्ट होता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ताकद किती वाढली किंवा व्यायाम एकूण किती केला, यांच्याशी मनाच्या फायद्याचा ठळक संबंध सापडला नाही. म्हणजे दंड भरण्याची वाट बघायची गरज नाही. पाण्याच्या हलक्या कॅनवर सुरुवात करणारीलाही मन हलकं होण्याचा तेवढाच हक्क आहे.

"आम्ही कामच करतो की दिवसभर"

हे मला दर वर्षी ऐकावं लागतं. "दिसभर पानी ओढतंय, आता आणि तुजे कॅन कित्याक उचलू?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

कामात वजन किती, किती वेळ, हे काम ठरवतं. कळशी नेहमी त्याच कमरेवर बसते. जाळं ओढताना पाठ तशीच वाकलेली राहते. थकलात म्हणून चिऱ्यांची गाडी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळेलच असं नाही. व्यायामात दोन्ही बाजूंना सारखा भार येतो, सांधा पूर्ण हलतो, वजन तुम्ही ठरवता, आणि मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवलेला असतो. मोठ्या लोकसंख्येवरच्या अभ्यासांतही फावल्या वेळातल्या व्यायामाचा जो लाभ दिसतो, तो पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीत तितका दिसत नाही. मनाच्या बाबतीत तर मला वाटतं, हे वजन आपण स्वतःसाठी उचललं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, यातच बरंच काही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. दोनच दिवस. सोमवार आणि गुरुवार धरा.

आधी हे पाहून घ्या

बीपी आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल, गरोदर असाल किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने शुगर आणखी उतरू शकते. उपाशीपोटी करू नका आणि खिशात गुळाचा खडा ठेवा.

उदासीसाठी गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मी अशी चूक एका जवळच्या माणसाकडून झालेली पाहिली आहे आणि सावरायला त्यांना सहा महिने लागले. व्यायाम औषधाच्या बाजूला उभा राहतो, त्याच्या जागी नाही. जगणं नको असं वाटत असेल तर आज, आत्ता, कुणाशी तरी बोला. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

साहित्य: तेलाचे रिकामे कॅन

पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन घ्या. धुवा आणि सुरुवातीला झेपेल तेवढंच पाणी भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळा तराजू नको. जिममधल्या डंबेलमध्ये वजन एकदम दोन-अडीच किलोंनी वाढतं, कॅनमध्ये अर्ध्या लिटरने वाढवता येतं. नवख्या माणसासाठी हा फायदा मोठा आहे. कडी हाताला टोचत असेल तर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळा.

लोखंडी डंबेल घेणार असाल तर खारा वारा लक्षात ठेवा. समुद्राकाठी लोखंडावर एका पावसाळ्यात गंज चढतो. रबराचं आवरण असलेले घ्या, नाहीतर दर आठवड्याला खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि उचलण्याआधी पुसून घ्या.

याशिवाय एक वही आणि पेन लागेल. पेन वहीलाच बांधून ठेवा.

पहिला दिवस

वहीत तारीख घाला आणि मन आत्ता कसं आहे त्याला शून्य ते दहा गुण द्या. दहा म्हणजे उत्तम. विचार करत बसू नका, पहिला सुचेल तो आकडा लिहा. मग पाच मिनिटं खळ्यात चाला, खांदे फिरवा.

पहिली हालचाल बसण्या-उठण्याची. गुडघ्याएवढ्या उंचीचा कट्टा किंवा भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पावलं खांद्यांइतकी फाकवा, टाचा जमिनीला घट्ट. आधी ढुंगण मागे न्या आणि मग खाली. कट्ट्याला टेकलं न टेकलं की उठा. आठ वेळा. गुडघे आत वळत असतील तर बाहेर ढकला. आपल्याकडच्या जुन्या माणसांना खाली बसून उठायची सवय होती. जेवण, विळी, सारवण सगळं जमिनीवर. ती सवय मोडली तशी मांड्यांतली ताकद गेली, म्हणून ही हालचाल सर्वात आधी.

दुसरी, जमिनीवरून कॅन उचलणं. कॅन दोन पावलांच्या मध्ये ठेवा. भाताच्या लावणीत आपण पाठ गोल करून वाकतो, तसं इथे नको. मागचं दार ढुंगणाने ढकलायचं आहे असं समजा: कंबर मागे जाते, गुडघे किंचित वाकतात, पाठ फळीसारखी सरळ राहते. कॅन धरा आणि पायांनी जमीन दाबत उभे राहा. या एका हालचालीला मी सगळ्यात जास्त वेळ देते. रिकाम्या कॅनवर दोन दिवस गेले तरी चालतील. ही नीट बसली की गॅस सिलिंडर, तांदळाची गोण, नातवंडं, सगळंच कमरेला कमी जड होतं.

तिसरी, भिंतीवर जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेका, कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्या आणि परत या. चौथी, ओढणं. डावा हात कट्ट्यावर टेका, पुढे वाका, उजव्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढा. होडीचं इंजिन सुरू करताना दोरी ओढतो तसा कोपर मागे जातो, फक्त झटका द्यायचा नाही. मग हात बदला. पाचवी सर्वात सोपी: दोन्ही हातांत कॅन घेऊन ताठ चाला. वीस पावलं जा, वीस परत या. पावसात पडवीत फेऱ्या मारा, शेवाळलेल्या खळ्यात नको.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा (हा एक सेट), मग एक-दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा तेवढीच. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी झपकन वर जातो. भार इतकाच घ्या की थांबलात तेव्हा आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. पहिल्या दिवशी ईर्ष्येने दमछाक करून घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांतले बरेच गुरुवारी परत आले नाहीत. मनाची घालमेल कमी करण्यासाठीही हलका ते मध्यम भारच जास्त भरवशाचा ठरलेला आहे.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा सांध्यात टोचल्यासारखं झालं तर तिथेच थांबा.

संपल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा गुण लिहा. बहुतेक वह्यांत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

आत काय चालतं

कॅन उचलताच अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही शरीराला सज्ज करणारी हार्मोन रक्तात येतात. हृदय जोरात चालतं, यकृत साखर सोडतं. राबणारा स्नायू ती साखर इन्सुलिनची वाट न बघता आत घेतो, कारण आकुंचन पावताना साखर वाहून नेणारी प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. शुगरवाल्यांनी आठवड्यात दोन दिवस का चुकवू नयेत, ते यातून कळेल.

मग मन हलकं कशाने होतं? सगळे सांगतात एन्डॉर्फिन, म्हणजे शरीरातलंच वेदना शमवणारं रसायन. हे उत्तर अर्धवट आहे. रक्तातलं एन्डॉर्फिन मेंदूभोवतीच्या गाळणीतून फारसं आत जात नाही, त्यामुळे रक्तात ते वाढलं म्हणजे मेंदूत आनंद झाला, असा सरळ हिशोब लागत नाही. अलीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष शरीर स्वतः तयार करतं त्या दुसऱ्या एका रसायनाकडे आहे. ते १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेकुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. आपला संस्कृतातला 'आनंद'च तो. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून मेंदूत सहज पोचतं आणि व्यायामाने रक्तात वाढतं. त्यावरचे बरेचसे प्रयोग धावणं आणि सायकल यांवर झाले आहेत, तेव्हा वजनांच्या नावावर सगळं श्रेय मी लिहिणार नाही.

स्नायूंची बाजू मला त्याहून विलक्षण वाटते. स्नायू म्हणजे नुसती दोरखंडं नाहीत. आकुंचन पावताना ते रक्तात संदेश सोडतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा संदेशांना मायोकाइन हे नाव दिलं. त्यांतला एक, इंटरल्युकिन-६, व्यायामात थोडा वेळ वाढतो आणि त्यामागोमाग शरीरात दाह शमवणारी रसायनं येतात. दीर्घकाळ धुमसणारा दाह आणि उदासी यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, म्हणून हा धागा महत्त्वाचा.

२०१४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली. ताणाच्या काळात शरीरात कायन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो आणि मेंदूत जाऊन त्रास देतो. सरावलेल्या स्नायूंत असं एन्झाइम वाढतं जे त्याचं रूप बदलतं, आणि बदललेलं रूप मेंदूत शिरू शकत नाही. पायलीभर तांदूळ पाखडताना सूप जे काम करतं, तसं काहीसं काम स्नायू रक्तासाठी करतो. माणसाच्या उदासीत याचा वाटा किती, ते उंदरांवरून ठरणार नाही. पण पाय नि मेंदू एकमेकांशी बोलतात एवढं नक्की.

कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनबद्दल उगीच भीती पसरवली जाते. ते रोज पहाटेपासून चढतं आणि त्याच्यामुळेच आपण उठतो. कसून व्यायाम केला तर तेव्हा वाढतं आणि मग उतरतं. ते दिवसभर चढलेलंच राहणं, हा खरा त्रास. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही वजनांनी वाढतं, पण थोड्याच वेळासाठी, आणि स्नायू वाढण्यात त्या क्षणिक उसळीचा वाटा फारसा नाही. "लेग डे (पायांच्या व्यायामाचा दिवस) केला की हार्मोन वाढतात" हे जिममधलं वाक्य कानाआड करा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. ते लॅक्टिक अ‍ॅसिड नव्हे. लॅक्टेट तर साधारण तासाभरात निघून जातं आणि हृदय, स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. ठणका येतो सवय नसलेल्या कामाने स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेतून, आणि तीन-चार दिवसांत ओसरतो. हलकं चालत राहा. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र तडक दवाखाना गाठा.

खाणं, आणि पावडरचा डबा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमचा उपयोग होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टर.

शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यात सहा. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास, पण आपण पिठी पातळ करतो. वाटीत जेमतेम दोन-तीन चमचे पीठ असतं, तेव्हा कुळीथ खाल्ला म्हणून निश्चिंत राहू नका. श्रावणात काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, मूग, दही, शेंगदाणे यांचं प्रमाण वाढवा आणि भात थोडा कमी घ्या. मासेमारी बंद असताना सुकट आणि सुके बांगडे चांगले, पण बीपीवाल्यांनी मीठ लक्षात घ्यावं. एवढं जमलं तर पावडरच्या डब्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

पोरांच्या आयांना आणि पोरांना कळकळीने सांगते: शरीरसौष्ठव स्पर्धेआधी कुणी इंजेक्शन किंवा बिनलेबलच्या गोळ्या देत असेल तर घेऊ नका. बाहेरून स्टेरॉइड आलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. बंद केल्यावर महिनोन्महिने खोल उदासी येऊ शकते. मन बरं करायला निघालेला मुलगा त्याच वाटेने खड्ड्यात जातो.

ऊन, दमट हवा, पाऊस

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. त्या दिवसांत पहाटे किंवा सूर्य बुडाल्यावर करा, सेट एक कमी करा. आधी ग्लासभर पाणी आणि नंतर मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत पुरेसं आहे. पावसात चालायला जाणं बंद होतं आणि मनही तेव्हाच खाली जातं. त्याच चार महिन्यांत पडवीतल्या कॅनची खरी किंमत कळते.

वाढवायचं कसं

दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करताना अमेरिकन डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये हळूहळू भार वाढवण्याची पद्धत मांडली. ती आजही तशीच लागू आहे. लागोपाठ दोन दिवस दोन्ही सेटमध्ये बारा वेळा जमलं की प्रत्येक कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी वाढवा आणि पुन्हा आठवर या. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल पण दंड तेवढाच दिसेल. स्नायू वाढण्याआधी मेंदू आणि नसा काम शिकतात, म्हणून असं होतं. आरशात बघून निराश होऊ नका.

वयाची सबब सांगणाऱ्यांना मी १९९० चा बोस्टनचा प्रयोग सांगते. नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा कसून व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आमच्या वाडीतल्या एका आजी बाहत्तराव्या वर्षी आल्या, तेव्हा कट्ट्यावरून हात न टेकता उठता येत नव्हतं. पाचव्या आठवड्यात त्या उठल्या आणि काही न बोलता पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. असं चार वेळा केलं. त्या दिवशी त्यांनी मनाला नऊ गुण दिले. कुठल्या रसायनाने ते नऊ झाले, हे मला सांगता येणार नाही.

गणपतीत, शिमग्यात आठवडा-दोन आठवडे बुडतील. ताकद एवढ्यात जात नाही. परत येताना अर्धा लिटर कमी करून सुरू करा.

आठवा आठवडा

वही उघडा. पहिल्या दोन आठवड्यांतले व्यायामाआधीचे आकडे आणि आत्ताचे आकडे शेजारी ठेवा. व्यायामानंतरचे नको, कारण ते तासाभराचं सांगतात. आधीचे आकडे तुमच्या दिवसांचं सांगतात. ते अजून तीन-चारवरच अडकले असतील, झोप लागत नसेल, तर हीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आठ आठवड्यांच्या नोंदी पाहून त्यांनाही बरंच कळेल.

आकडे वर सरकले असतील तर नवव्या आठवड्यात भिंत सोडा आणि कट्ट्यावर हात टेकून जोर सुरू करा. पुन्हा आठपासून. कट्टा ओला असेल तर आधी पुसून घ्या.